वेशीपासून पासपोर्टपर्यंत

सोलापूरच्या भवानी पेठेत मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या माणसापुढे ‘पारपत्र’ हा शब्द उच्चारला, तर तो क्षणभर थबकेल. ‘पासपोर्ट’ म्हटले की त्याला सारे काही समजते. शासनाच्या मराठीने चालविलेला पारपत्र हा शब्द सुबक आहे यात शंका नाही. परंतु लोकांनी जो शब्द आपला मानला, तोच आम्ही येथे वापरणार आहोत.

हा विषय आम्ही निवडला तेव्हा काही मित्रांनी विचारले, की यात इतिहास तो कसला? अर्ज करावा, शुल्क भरावे, पोलीस चौकशी करून जातो, आणि काही दिवसांनी टपालाने एक लहानसे पुस्तक घरी येते. शंका रास्त आहे. पण या लहानशा पुस्तकामागे दोन मोठे प्रश्न उभे आहेत. देशाबाहेर जाणे ही राज्यकर्त्याची मेहरबानी, की माणसाचा हक्क? हा पहिला प्रश्न. आणि तो हक्क आहे असे एकदा ठरले, की तो पेठेतल्या माणसाच्या हाती कोणत्या वाटेने पोहोचतो? हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीस मिळाले. दुसऱ्याचे उत्तर अजून आपल्या पेठेतच शोधावे लागते, आणि त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

वाटेवरचा परवाना ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. दस्तक, राहदारी, परवाना हे शब्द आपल्या जुन्या दप्तरांत जागोजाग भेटतात. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास औरंगजेबाच्या पहाऱ्यात अडकले. त्यांच्या सुटकेतील पेटाऱ्यांची गोष्ट आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. दस्तकांची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्याबरोबर आलेल्या माणसांना दक्षिणेत परतता यावे म्हणून महाराजांनी बादशहाकडून दस्तके मागितली, आणि ती मिळाली. शत्रूच्या पदरची माणसे कमी होतात यात दरबारास आनंदच वाटला असावा. राजा मागे राहिला आणि माणसे परवाना दाखवून वाटेला लागली. राजाची स्वतःची वाट मात्र परवान्यावाचूनची होती.

समुद्रावरही हाच प्रकार. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना चालू केला होता. तो न घेता निघालेले जहाज ते पकडीत, मग ते कोणाचेही असो. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपली दस्तके चालू केली. ती घेण्यास इंग्रज तयार होईनात, आणि त्या वादातून पुष्कळ दारूगोळा खर्ची पडला. वाद वरवर परवान्याच्या कागदाचा दिसतो. खरा वाद हा, की या पाण्याचा धनी कोण? परवाना देतो तो धनी, आणि परवाना घेतो तो त्याचे धनीपण मान्य करतो. पासपोर्टचा सारा इतिहास या एका सूत्राभोवती फिरला आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. आज तुळजापूर वेशीजवळून जाणाऱ्या तरुणास हे सांगितले तर खरे वाटणार नाही, की १९४८ पर्यंत तुळजापूर हे परराज्यात होते. सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि अवघ्या ४५ किलोमीटरांवरची आई भवानी निजामाच्या राज्यात! यात्रेकरूस पासपोर्ट लागत नव्हता. सरहद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके होते आणि तेथे जकातीसाठी मालाची झडती होई. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य याच सोलापुरातून नळदुर्गच्या रोखाने हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत ती सरहद्द राजकीय अर्थाने संपली.

ही सरहद्द ओलांडून सोलापुरास कोण आले, हे भवानी पेठेला सांगण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातील पद्मशाली विणकरांची घराणीच्या घराणी इकडे येत राहिली. १८७७ साली येथे पहिली कापडाची गिरणी निघाली. गिरण्या वाढल्या, हातमागाचे कारखाने वाढले आणि त्यांच्याबरोबर शहराचा पूर्व भागही वाढला. ही माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. पण ‘तुझा जन्म कोठला, तुझ्या बापाचे नाव कोणत्या अक्षरांनी लिहितात’ असे त्यांना वेशीवर कोणी विचारले नाही. हाताला कसब आहे ना, एवढेच विचारले गेले. जी पेठ कागदावाचून सरहद्द ओलांडणाऱ्यांनी वसविली, तिच्याच नातवंडांना आज कागदाने आपली ओळख सिद्ध करावी लागते. हा विरोध श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. आम्ही त्याकडे पुन्हा येणार आहोत.

त्या काळी समुद्रापार जाणाऱ्यालाही सरकारी पुस्तकाची सक्ती नव्हती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांच्यापुढची अडचण सरकारच्या परवानगीची नव्हती, समाजाच्या परवानगीची होती. समुद्रगमन केले की जात गेली, असा समज घट्ट होता. म्हणूनच निघण्यापूर्वी त्यांना श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधील सेरामपूर येथे, जाहीर सभेत आपण का जातो हे सांगावे लागले. मुंबईहून हजला निघणाऱ्या यात्रेकरूंना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यात्रेचा वेगळा पासपोर्ट देण्यात येई. बाकीच्यांना तिकिटाचे पैसे आणि घरच्यांचा निरोप एवढे पुरेसे होते.

ही मोकळीक पहिल्या महायुद्धाने संपविली. हेर, फितुरी आणि क्रांतिकारक यांच्या भयाने सर्वच सरकारांनी दारे लावून घेतली. भारतातही युद्धकालीन नियमांखाली पासपोर्टची सक्ती आली. युद्ध संपले, पण सक्ती गेली नाही. १९२० साली पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या विद्यमाने परिषद भरून पासपोर्टचे पुस्तक कसे असावे याचा नमुना ठरला, आणि त्याच वर्षी भारतात पासपोर्टचा कायदा झाला. हा कायदा बोले फक्त भारतात येणाऱ्याबद्दल. पण परत येताना पासपोर्ट दाखवावा लागणार, म्हणून जातानाच तो नसेल तर जहाज कंपनी तिकीट देईना. येण्याच्या कायद्याने जाण्याचे दार असे आपोआप बंद झाले. आणि दाराची किल्ली कोणाच्या हाती? सरकारच्या मर्जीच्या.

ही मर्जी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावे असे उदाहरण आपल्या घरचेच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला वैद्यकीय मदत पाठविण्याचे काँग्रेसने ठरविले आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख, डॉ. चोळकर नागपूरचे, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईच्या बंदरातून निघाले. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्ये रुग्णसेवा करतानाच त्यांचा अंत झाला. त्यांचे स्मारक आज आपल्या भैय्या चौकात उभे आहे, व्ही. शांतारामांनी त्यांच्या जीवनावर १९४६ साली चित्रपट काढला, तो पाहिलेली मंडळी अजून आपल्यात असतील.

परंतु या पथकात आणखी एक नाव होते, ते स्मारकांवर नाही. कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड प्रथम झाली होती. ते कम्युनिस्ट चळवळीतले. ब्रिटिश सरकारने त्यांना पासपोर्ट दिला नाही. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. तेच काम, तीच पात्रता, तोच उद्देश. एकाला पुस्तक मिळाले, तो इतिहासात गेला. दुसऱ्याला मिळाले नाही, तो धक्क्यावरच राहिला. सरकारने न्यायालयापुढे कारण सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मेहरबानी नाकारणाऱ्याला कारण कोण विचारणार? कोटणीसांचा अभिमान बाळगताना सोलापूरकराने या दुसऱ्या डॉक्टरचीही आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते. आपल्या डॉक्टरांचे जाणेही त्याच मर्जीवर अवलंबून होते, आणि ती फिरली असती तर भैय्या चौकात आज स्मारक नसते.

स्वातंत्र्य आले. १९५४ साली मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशी पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये निघाली. राज्यकर्ते आपले झाले, पुस्तकावर अशोकस्तंभ आला. पण सूत्र जुनेच राहिले. बाहेर जाणाऱ्याच्या हक्काविषयी कायदाच नव्हता. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता, ती द्यावी वाटल्यास द्यावी, परत मागावी वाटल्यास मागावी, अशी सरकारची भूमिका होती. शिवाय पुस्तकात कोणकोणत्या देशांस जाता येईल याची नोंद असे, आणि दक्षिण आफ्रिकेसारखी वर्णद्वेषी राजवट त्यातून वगळलेली असे. या शेवटच्या गोष्टीचे कारण उदात्त होते हे आम्ही मान्य करतो. पण उदात्त कारणासाठी असो की क्षुद्र कारणासाठी, निर्णय सर्वस्वी अधिकाऱ्याचा होता.

या भूमिकेला प्रथम उच्च न्यायालयांत धक्के बसले. मुंबई, केरळ व म्हैसूर येथील उच्च न्यायालयांनी परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने उलट मत दिले. शेवटी सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याने, सरकारने आपले पासपोर्ट परत मागितले म्हणून, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० एप्रिल १९६७ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी सांगितले, की राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात परदेशगमनाचा समावेश होतो, आणि कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून ते हिरावून घेता येत नाही. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश कोका सुब्बाराव यांचे. ते राजमहेंद्रीचे, मातृभाषा तेलुगू. आपल्या पेठेतील घराघरांत जी भाषा बोलली जाते तीच. दुसऱ्याच दिवशी ते पद सोडून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि हरले. निवडणूक लोक विसरले, निकाल टिकला.

त्यानंतर सरकारला कायदा करणे भाग पडले. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि २४ जून १९६७ पासून पासपोर्ट कायदा अमलात आला. पासपोर्ट कोणत्या कारणांसाठी नाकारता येईल हे या कायद्याने लिहून ठेवले. नाकारल्यास कारण लेखी नोंदविणे आणि अपिलास वाव देणे बंधनकारक केले. पुढे १९७७ साली ‘सार्वजनिक हित’ एवढेच म्हणून मनेका गांधी यांचा पासपोर्ट अडकविण्यात आला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने, ज्यात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, असा दंडक घातला की कायद्याने सांगितलेली रीत ही नुसती रीत असून भागत नाही. ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. एका पासपोर्टच्या निमित्ताने भारतातील प्रत्येक माणसाच्या स्वातंत्र्याचा पाया रुंदावला. डॉ. सेन यांना १९३८ साली जे विचारता आले नाही, ते विचारण्याचा अधिकार आता कोणाही नागरिकाला मिळाला.

येथे इतिहास संपावयास हवा होता. पण आम्ही आरंभी दुसरा प्रश्न टाकला आहे, आणि तो पेठेत सुटतो.

समजा, भवानी पेठेतील एक विणकर आहे. मुलगा आखातात नोकरीस लागला, नातू झाला, आजीआजोबांना जावेसे वाटते. किंवा टॉवेलांचा एखादा कारखानदार आहे. परदेशी गिऱ्हाइकाला माल दाखवावयास त्याला स्वतः जावयाचे आहे. पासपोर्ट मिळणे हा त्याचा हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. पण अर्जाचा पहिलाच रकाना विचारतो: आडनाव काय? तेलुगू रीतीने ‘इंटिपेरू’, म्हणजे घराण्याचे नाव, आधी येते आणि स्वतःचे नाव मागून. मराठी शाळेत गुरुजींनी ते उलटे केले, मध्ये वडिलांचे नाव घातले. गिरणीच्या हजेरीपटावर आणखी तिसराच क्रम. घरी जो नरसय्या तो शाळेत नरसिंग. वेंकटेशम्‌चा व्यंकटेश झाला, आणि रोमन लिपीत त्याची तीन रूपे झाली. बायकांची गोष्ट याहून अवघड. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर.

दुसरा रकाना जन्मतारखेचा. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य माणसे १ जून रोजी जन्मली आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. शाळा जूनमध्ये उघडत. तारीख माहीत नाही म्हटले की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. ज्यांची पिढी निजामाच्या मुलखात जन्मली त्यांच्या नोंदी उर्दूत आणि फसली सनात. तो सन इसवी सनाच्या ५९० वर्षे मागे. तिसरा रकाना जन्मस्थळाचा. इंग्रज लिहीत ‘शोलापूर’, आपण लिहितो ‘सोलापूर’. जुन्या दाखल्यावर एक आणि नव्यावर दुसरे. चौथा पत्त्याचा. एकच घर शिधापत्रिकेवर भवानी पेठेत असते आणि वीजबिलावर घोंगडे वस्तीत. माणूस जागचा हललेला नाही, पण कागद म्हणतात की ही दोन माणसे आहेत.

यात कोणाचा दुष्टावा नाही. प्रत्येक कारकुनाने त्या दिवसापुरते आपले काम उरकले होते. पण पन्नास वर्षांनी ते सारे कागद एका खिडकीवर एकत्र येतात आणि एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. मग प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नामबदल, शाळेचा दाखला दुरुस्त करण्यासाठी हेलपाटे. सुशिक्षित माणूस हे निभावतो. ज्याचा रोज बुडतो तो दलालाच्या हाती सापडतो, किंवा जाण्याचा विचारच सोडून देतो. त्याला सरकारने पासपोर्ट नाकारला असे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. त्याने मागितलाच नाही, एवढेच. डॉ. सेन यांना नकार तरी मिळाला होता.

सोयी वाढल्या आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पूर्वी सोलापूरकराला या कामासाठी मुंबई गाठावी लागे, पुढे पुण्याचे कार्यालय झाले. तरी जाऊनयेऊन पाचशे किलोमीटर आणि दिवसाचा रोज बुडालाच. एखादा कागद कमी पडला की पुन्हा तेच. २०१२ पर्यंत देशभर पासपोर्ट सेवा केंद्रांची नवी पद्धत सुरू झाली आणि अर्ज संगणकावरून होऊ लागले. २०१७ पासून टपाल कार्यालयांत केंद्रे काढण्याची योजना आली, आणि तिच्यात सोलापूरलाही केंद्र मिळाले. हजच्या यात्रेकरूंना २००९ च्या सुमारास वेगळा पासपोर्ट बंद होऊन सर्वसाधारण पासपोर्ट घ्यावा लागू लागला; तेव्हा कधी जिल्ह्याबाहेर न गेलेल्या वृद्धांनीही हे अर्ज भरले. मुदत संपलेल्या पुस्तकावर पूर्वी वाढीव मुदतीचा शिक्का मारून देत. आता नूतनीकरण म्हणजे नवे पुस्तक, प्रौढांना दहा वर्षांचे.

नियमही सैल झाले. २६ जानेवारी १९८९ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागे. डिसेंबर २०१६ मध्ये ती अट शिथिल होऊन शाळेचा दाखला व इतर कागद चालू लागले, प्रतिज्ञापत्रांऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणा पुरेशी ठरली, आणि आईवडिलांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा मिळाली. परंतु चक्र पुन्हा फिरले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच एक ग्राह्य आहे. म्हणजे आज पेठेत पाळण्यात असलेल्या मुलाचा हक्क आज लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीवर अवलंबून आहे.

सोलापुरास नगरपालिका १८५२ साली आली, महानगरपालिका १९६४ साली झाली. जन्ममृत्यूच्या नोंदीचा आजचा कायदा १९६९ चा. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी, असे तो सांगतो. बाळंतपण घरी झाले तर ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. बाळाचे नाव तेव्हा ठरलेले नसेल तर ते मागाहून, पंधरा वर्षांपर्यंत, नोंदविता येते. बारसे थाटाने होते, पण नोंदवहीतला नावाचा रकाना कोराच राहिलेली घरे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. कुणी तो भरावयास गेले नाही, कारण त्या वेळी त्याची गरज भासली नव्हती.

म्हणून आमचे पेठेला सांगणे दोन शब्दांत आहे. जन्माची नोंद वेळेवर करा, आणि ती करताना नाव कोणत्या क्रमाने व रोमन लिपीत कोणत्या अक्षरांनी लिहावयाचे हे एकदाच, घरात बसून, ठरवा. मग शाळेपासून बँकेपर्यंत तेच लिहा. आणि आमचे महानगरपालिकेला व शाळांना सांगणे असे, की जुनी जन्मनोंदीची पुस्तके आणि दाखल्यांची रजिस्टरे ही रद्दी समजू नयेत. त्यांना कसर लागली तर ती नागरिकाच्या हक्काला लागते. नोंदवहीत लेखणी टेकविणाऱ्या कारकुनाने तेलुगू आईला एकदा विचारावे, की यातले घराण्याचे नाव कोणते. या एका प्रश्नाला अर्धे मिनिट लागते. तो न विचारल्यामुळे तिच्या मुलाला पुढे अर्धे वर्ष हेलपाटे घालावे लागतात.

आमच्या पेठेचे पूर्वज निजामाची सरहद्द ओलांडून आले तेव्हा त्यांच्याजवळ कागद नव्हता आणि त्यांचे अडले नाही. ते दिवस गेले, आणि ते परत येणार नाहीत. परवाना देणारा धनी कोण, या जुन्या भांडणाचा निकाल नागरिकाच्या बाजूने लागला आहे. तो निकाल वसूल करावयाचा तर त्याची सुरुवात महानगरपालिकेच्या जन्मनोंदणीच्या खिडकीपासून करावी लागेल. ज्या घरी नुकताच पाळणा हलला असेल, त्या घरच्या मंडळींनी उद्या सकाळी तिकडे एक फेरी मारावी, एवढी विनंती करून आम्ही श्रोत्यांची रजा घेतो.